डुकरांना लसूणघास घालायचाय? आधी काडी मोडून बघा

"लसूणघासात प्रोटीन 18-20 टक्के, मग महागाची सोयापेंड कशाला घ्यायची?" वराहपालन करणारे बरेच जण हे विचारतात, आणि पेंडेचे भाव बघता विचारणारच. पण हा आकडा वाळल्या घासाचा आहे, आणि डुक्कर म्हणजे गाय नाही ना. त्याला एकच पोट, चोथा जो काही पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, तिथले जिवाणू आंबवतील तेवढाच, आणि वाढीच्या पिल्लाचं ते आतडं अजून लहान असतं, त्यामुळे मोठी मादी जे पचवते ते 25-30 किलोच्या पिल्लाला जमत नाही. वरून घासातलं थोडं प्रोटीन चोथ्यातच अडकून बसतं, ते सरळ विष्ठेतून बाहेर.

म्हणून सगळं कापणीवर आहे. गाईसाठी आपण थोडा फुलोरा येईपर्यंत थांबतो, डुकरांसाठी कळी दिसायच्या आधीच विळा लावा. बुंध्याजवळची काडी बोटांनी मोडून बघा, कचकन तुटली तर कुट्टी करून घाला, धागा निघून लोंबत राहिली तर ती गाई-शेळ्यांना टाका आणि डुकरांना फक्त वरचा पाला द्या. प्रोटीन पानातच जास्त असतं, काडीत चोथा जास्त.

किती घालायचा? 30 किलोचं पिल्लू दिवसाला साधारण सव्वा ते दीड किलो कोरडा खुराक खातं, घास कोरड्या वजनाने धरून त्याच्या 10 टक्क्यांच्या आत राहा. ओल्या घासात 80 टक्के पाणीच असतं, म्हणजे अर्धा-पाऊण किलो हिरवा घास बास झाला. आणि आधी मक्याचा भरडा-पेंड, मग घास, उलटं केलंत तर पोट पाण्यानेच भरतं आणि वजन अडतं. पेंड लगेच निम्मी करू नका हो, घासाचं प्रोटीन पेंडेइतकं पचत नाही! मक्यात लायसिन (प्रोटीनमधला वाढीला लागणारा एक घटक) कमी असतं, ती उणीव घास थोडीफार भरून काढतो, पण थोडीफारच.

जास्तीचा घास ताडपत्रीवर सावलीत वाळवा, झोडपला की पानं गळतात, ती दळून भरड्यात मिसळा.

सुबाभळीचा पाला मात्र वाढीच्या पिल्लांना नकोच. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात, वाढ खुंटते.

सुरुवात मूठभर घासाने करा, आठवडाभर विष्ठा बघा. थोडी विष्ठा पाण्यात कालवून चाळणीतून गाळा, हिरवे धागे जसेच्या तसे दिसले तर घास जून आहे नाहीतर जास्त होतोय. दर 15 दिवसांनी वजन करा, वाढ मंदावली की आधी घास कमी करा, पेंड नाही.