दुकानात "अ‍ॅक्वागार्ड द्या" म्हणायच्या आधी

आपल्याकडे कोकणात पाण्याचं कुठलंही मशीन म्हणजे अ‍ॅक्वागार्ड, वर नाव कुठलं का असेना, तसंच गच्चीवरची काळी टाकी म्हणजे सिंटेक्स. बोलायला ठीकय, पण पार्ट आणायला गेलात की घोळ. म्हणून घरून निघताना मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा, कंपनी आणि मॉडेल नंबर दोन्ही दिसले पाहिजेत, नायतर फिल्टर भलत्याच मापाचा येतो नि कुडाळला परत हेलपाटा.

नवीन घेताना आत काय आहे ते विचारा. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, तो जंतू मारतो पण खारटपणा काढत नाही, ते काम आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणाऱ्या मशीनचं. त्यामुळे आधी विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा, छोटा मीटर बुडवला की आकडा येतो, 500 च्या खाली असेल आणि पाणी खारट लागत नसेल तर आरओ कशाला, बऱ्याचदा निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक गोडच. खाडीकाठी राहात असाल तर मात्र मे महिन्यात पुन्हा मोजा, विहीर खाली गेली की पाणी मचूळ होऊ शकतं. आणि टीडीएस कमी म्हणजे जंतू नाहीत असं नाही हां! पावसात गढूळ पाण्याला नुसतं यूव्ही पुरत नाही, आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर हवाच.

पेट्रोमॅक्सचंही तसंच, कुठल्याही रॉकेलच्या बत्तीला तेच नाव. आजोबांनी पेट्रोमॅक्सचं मेंटल, म्हणजे बत्तीतली पेटणारी जाळी, सांगितलं तर बत्ती किती कॅन्डल पॉवरची, म्हणजे किती उजेडाची, तेवढं विचारून जा.