‘एवढं कसं कळलं नाही?’ आणि ऑनलाइन फसवणुकीत होणाऱ्या इतर चुका

फसवणुकीबद्दल आपल्याकडे सूचनांचा तुटवडा नाही. मध्यंतरी तर कुणालाही फोन लावला की आधी सायबर गुन्ह्यांवरचं भाषण ऐकावं लागायचं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी इशारा फॉरवर्ड होतो, बहुतेक वेळा न वाचताच. तरीही पैसे जातात. आणि गेल्यावरच्या पहिल्या काही तासांत घरचे, शेजारचे मिळून जे करतात, त्यात ते परत मिळायची शक्यताही जाते. ज्येष्ठ नागरिक संघात, बचत गटात, सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत जे अशा वेळी मदतीला पुढे असतात, त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी घडणाऱ्या या चुका आहेत.

फसलेल्यालाच झापणं

‘एवढं कसं कळलं नाही?’ हे मुलगा विचारतो, सून विचारते, बँकेतला कारकूनही विचारतो. ज्याचे पैसे गेले त्याने स्वतःला हेच शंभरदा विचारलेलं असतं. हा प्रश्न ऐकावा लागू नये म्हणून तो दोन दिवस गप्प बसतो, आणि सगळं नुकसान या दोन दिवसांत होतं. पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. तिथून ते तुकड्यातुकड्यांनी आणखी खात्यांत जातात, पुढे एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत वळतात. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी हेल्पलाइनचा खरा उपयोग पैसे या वाटेवर असतानाच आहे.

जागृतीच्या सभांमध्येही सूर तोच असतो: लोभ सोडा, म्हणजे फसणार नाही. डिजिटल अरेस्टमध्ये लोभ कुठे आहे? सीबीआय किंवा कस्टमच्या नावाने फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचं सांगितलं जातं, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस बजावतो की चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितलं होतं. या जाळ्यात सापडतात ती आयुष्यभर नियमाने वागलेली, सरकारी शिक्का दिसला की उभी राहणारी माणसं. त्यांना लोभी म्हटलं की ती पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत, एवढंच होतं.

चालूच्या थापांची यादी पाठ करून घेणं

काल ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असा मेसेज यायचा, आज वाहनाच्या दंडाची पावती येते, उद्या आणखी काही येईल. यादी कायम एक पाऊल मागेच राहते. धमकीच्या फोनपुरती मी एकच खूण शिकवेन: गुप्तता. ‘घरात कुणाला सांगू नका’, ‘फोन ठेवू नका’ असं कुठलंही खरं कार्यालय सांगत नाही. ही वाक्यं कानावर पडली की फोन कापायचा, समोरच्याला समजावत बसायचं नाही.

त्यासोबत माणूस ठरवून द्या. प्रत्येक विंगमध्ये किंवा वाडीत असा एक जण हवा, ज्याला रात्री अकराला फोन केला तरी तो हसणार नाही आणि ग्रुपवर टाकणार नाही. ‘सोसायटीत एका सदस्याचे चार लाख गेले, सावध राहा’ असा मेसेज टाकणारे उत्साही लोक असतात. पन्नास फ्लॅटच्या सोसायटीत तो सदस्य कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि पुढचा फसलेला माणूस काय ते समजून जातो.

पैसे घेण्यासाठी पिन टाकणं

हे थोडक्यात. यूपीआय पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला काढला की ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे’ म्हणणारा गिऱ्हाईक क्यूआर कोड पाठवतो आणि ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणतो. पैसे जमा होत नाहीत, जातात. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं हीही याच जातीची चूक, तिथे भामट्यांचे नंबरही सापडतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो.

ओळखीच्या नंबरवरून आलेली फाइल उघडणं

‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण फाइल ओळखीच्याच नंबरवरून येते. लग्नपत्रिका, ई-चलन, बँकेची केवायसी, एखाद्या सरकारी योजनेचा अर्ज, नाव काहीही असो, शेवटी ‘एपीके’ असतं. म्हणजे तो फोटो किंवा पीडीएफ नसून अॅप असतं. ते टाकून परवानग्या दिल्या की फोनवर येणारे ओटीपीचे मेसेज परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात. व्हॉट्सअॅपचा ताबा गेला तर तीच फाइल तुमच्या नावाने साऱ्या नातेवाइकांना जाते.

टाकलंच असेल तर आधी फोन फ्लाइट मोडवर घ्या आणि वाय-फाय बंद आहे ना ते बघा. पुढचे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा: बँकेला सांगून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला लावा. ग्रुपवर कळवायचं तेही दुसऱ्याच्या फोनवरून. घाईघाईने फोन फॉरमॅट करणं ही इथली नेहमीची चूक. फाइलचं नाव, ती कुणाकडून आणि कधी आली, हे दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून ठेवल्याशिवाय काही पुसू नका.

कुरिअरवाला म्हणून कुणी एखादा कोड डायल करायला लावला असेल, तर तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले गेले असतील. ##००२# डायल केलं की कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं.

तक्रारीचा क्रम चुकणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. शनिवारी दुपारी पैसे जातात, घरचे म्हणतात सोमवारी शाखेत जाऊन बघू. किंवा तडक पोलीस ठाणं गाठतात आणि हद्दीच्या वादात संध्याकाळ घालवतात. आधी १९३०. हा नंबर सुट्टीच्या दिवशीही चालतो. फोन करताना हाताशी लागतं ते असं: तुमचा मोबाइल क्रमांक, बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो आणि अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. वयस्कर माणसाला तो सापडत नाही आणि फोनवर पाच मिनिटं त्यातच जातात. म्हणून सभेत नुसती भाषणं ठोकण्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर यूटीआर शोधायला लावा. दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल.

लाइन लागत नसेल तर एकाने फोन लावत राहावं, दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी, तिसऱ्याने बँकेला फोन करावा. १९३० वर बोलणं झालं की पोचपावती क्रमांक मिळतो. पुष्कळ जण इथेच थांबतात. त्या क्रमांकावर पोर्टलवरची सविस्तर तक्रार चोवीस तासांत पूर्ण करायची असते. ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झीरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवून घेण्याचा, आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

बँकेला फोनवर सांगितलं तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, अशा अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणजे चूक आपलीच असली तरी लवकर कळवण्यात फायदा आहे, आणि ‘आपलीच चूक, कुठल्या तोंडाने जाऊ’ म्हणणाऱ्याला हे आवर्जून सांगायला हवं.

आणखी एक. बँकेचा राग काढायला लोक एक्स किंवा फेसबुकवर मोबाइल नंबरासकट लिहितात. थोड्याच वेळात ‘तुमचे पैसे काढून देतो’ म्हणणारा फोन येतो. आधी थोडी फी भरा म्हणतो. ही आधीच फसलेल्या माणसाची दुसऱ्यांदा होणारी फसवणूक. गुंतवणुकीच्या बनावट अॅपमध्ये पैसे अडकवून ‘काढायचे तर आधी कर भरा’ म्हणतात, तेही तसंच.

आपल्यातलाच एक जण साखळीत आहे हे न बघणं

गेलेला पैसा ज्या पहिल्या खात्यात पडतो ते पुष्कळदा एखाद्या कॉलेजच्या मुलाचं किंवा मजुराचं असतं. महिन्याला काही हजार देतो म्हणून कुणीतरी त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेऊन गेलेलं असतं. दारात पोलीस आले की मग घरच्यांना कळतं. ज्येष्ठांना सावध करणाऱ्या सभा भरपूर होतात, पण खातं भाड्याने देऊ नका हे अकरावी-बारावीच्या वर्गात जाऊन सांगणारे फार थोडे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर बघता येतं. घरातल्या सगळ्यांचं एकदा बघून घ्यावं.

भरमसाठ परताव्याच्या योजनांचा प्रकार वेगळा. तिथे एजंट नात्यातलाच असतो आणि पहिले काही हप्ते वेळेवर मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये दादरला अशीच योजना चालवणाऱ्या टोरेस कंपनीच्या बंद दुकानासमोर जमलेल्या गर्दीत दुसऱ्यांना घेऊन आलेलेही होते. अशी योजना चालू असतानाच रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार करता येते. बुडाल्यावर ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, पण तो रस्ता लांबचा.

‘होल्ड झाले’ म्हणजे परत मिळाले असं समजणं

१९३० च्या तक्रारीनंतर पुढच्या खात्यात रक्कम गोठवली गेली की घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. रक्कम गोठली म्हणजे ती फक्त हलणार नाही. आपल्या खात्यात यायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्यासाठी आपण अर्ज करावा लागतो. तपास अधिकाऱ्याकडून कुठल्या खात्यात किती रक्कम अडकली आहे ते लिहून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना पोचपावती क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत न्या.