जड टेली लेन्स गळ्यात नको, खांद्यावर घ्या

निकॉनची २००-५०० मिमी टेली लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) कॉलरसकट, म्हणजे ट्रायपॉडला लावायला लेन्सभोवती असलेल्या पायाच्या कड्यासकट, सुमारे २.३ किलो भरते. वर कॅमेरा. एवढं ओझं कॅमेऱ्यासोबत आलेल्या पट्ट्याने गळ्यात अडकवून सिंहगड व्हॅलीत पक्षी शोधत फिरलात, तर मान धरणारच. शिवाय सगळा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या जोडावर येतो, ते वेगळंच.

मी पट्टा लेन्सच्या कॉलरच्या पायाला लावते. रुंद, आडवा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत. लेन्स तोंड खाली करून मांडीलगत लटकते. पक्षी दिसला की त्याच पट्ट्यावरून सरकत वर येते. चालताना झूम २०० वर लॉक करा, नाहीतर नळी आपोआप बाहेर सरकते. पट्टा पायाला धरणारा स्क्रू सैल होतोच, म्हणून अधूनमधून बोटाने चाचपा आणि पट्ट्यापासून कॅमेऱ्याच्या कडीला एक जादा दोरी बांधा.

झुडपांतून जाताना कॉलर फिरवून तिचा पाय वरच्या बाजूला आणा, छान मूठ मिळते. हातात धरून फार वेळ थांबायचं असेल तर मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड. ट्रायपॉड मी घरीच ठेवते. भिगवणला होडीत किंवा ताडोब्याच्या जिप्सीत लेन्स टेकवायला बीनबॅग, म्हणजे दाणे भरलेली पिशवीच बरी. रिकामी न्यायची, तांदूळ तिथेच भरायचे.