याद वाशेमच्या झाडांकडे निघताना

जेरुसलेमला याद वाशेम, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंचं इस्रायलमधलं स्मारक, बघायला निघालात, तर बॅग भरायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन-चार नावं लिहून ठेवा. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या काळात जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणाऱ्या, पण स्वतः ज्यू नसलेल्या माणसांसाठी १९६२ मध्ये तिथे एक वाट सुरू झाली. माणसागणिक एक झाड, आणि झाडाजवळ छोटीशी पाटी. त्यावर नाव आणि देश, बाकी काही नाही. कोणी काय केलं हे आपल्यालाच माहीत असावं लागतं, नाहीतर नुसतीच सावलीतली रपेट होते. माझी पहिल्या खेपेला तशीच झाली.

ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या जर्मन कारखानदार शिंडलरचं नाव ‘शिंडलर्स लिस्ट’ सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक असतं. इरेना सेंडलर मात्र नक्की लिहा. वॉर्सात भिंतीआड कोंडलेल्या ज्यू वस्तीतून मुलं बाहेर काढणारी ही पोलिश बाई. तिचा गौरव १९६५ मध्ये जाहीर झाला, पण झाड लागलं १९८३ मध्ये. एक झाड डेन्मार्कमध्ये नाझींविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांचं आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांवर ज्यू तिथून होड्यांनी स्वीडनला पोचवले गेले, आणि त्या मंडळींनी वेगवेगळी नावं नकोत, सगळ्यांची नोंद एकत्र करा असं सांगितलं. आता गौरव झालेल्यांची यादी अठ्ठावीस हजारांच्या वर गेली आहे. टेकडीवर जागा उरली नाही, म्हणून १९९० च्या दशकापासून नावं भिंतींवर देशवार कोरतात. तुमच्या कागदावरचं नाव झाडापाशी सापडलं नाही तर तिकडे बघा.

वाटेवरची झाडं बहुतेक कॅरोबची. बारमाही हिरवी, शेंगा चपट्या, तपकिरी आणि चवीला गोड. सोनाराकडचा ‘कॅरट’ याच्याच बियांवरून आला म्हणतात.

टोपी घ्याच. उन्हाळ्यात ऊन कोरडं आणि कडक असतं, शिवाय स्मृतिदालनात पुरुषांना डोकं झाकावं लागतं, एका टोपीत दोन्ही भागतं. हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर आणि छत्री हवी, कारण शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ आठशे मीटरवर आहे. बूट रोजच्या वापरातले घाला. हार-फुलं नकोत, ज्यू लोक कबरीवरसुद्धा फुलांऐवजी खडा ठेवतात. दहा वर्षांखालच्या मुलांना संग्रहालयात सोडत नाहीत, तेव्हा त्यांना कोण सांभाळणार ते घरीच ठरवा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण संग्रहालयाची वेळ ऑनलाइन घेऊन ठेवा. आणि तिथली परिस्थिती बघता, तिकिटं काढण्याआधी सरकारच्या प्रवाससूचना वाचाच.

वार नीट बघा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी सगळं बंद, शुक्रवारी लवकर आटपतात. मी शुक्रवारी दुपारी पोचलो आणि बंद फाटक बघून परतलो. खरं तर कोकणातल्या माणसानं हे विसरू नये: आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’च म्हणायचं. त्यांच्यातल्या कुणाचं इस्रायलमधल्या अश्दोदला किंवा लोदला ओळखीचं घर असेल तर आधी फोन करा. जुनी माणसं अजून मराठी बोलतात, आणि कुठल्या वारी ट्राम कितीला थांबते हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. उतरायचं माउंट हर्झल या ट्रामच्या थांब्यावर.