दोन लेव्हलवरून एका पेशंटचा क्लिअरन्स कसा काढायचा

पेशंटच्या दोनच लेव्हल (रक्तातल्या औषधाचं मोजलेलं प्रमाण) हातात आहेत आणि क्लिअरन्स (शरीर तासाला किती लिटर रक्त औषधापासून मोकळं करतं) काढायचाय, एवढ्यावर मॉडेल फिट कसं करू असं बरेच जण विचारतात, तर मुळात नवीन फिट करायचंच नाहीये. आपल्या पेशंटसारख्या लोकांवर बनवलेलं, छापून आलेलं मॉडेल घ्यायचं, त्यातले थीटा (सरासरी आकडे), ओमेगा (पेशंटा-पेशंटामधला फरक) आणि सिग्मा (उरलेली चूक) जसेच्या तसे टाकायचे आणि फक्त या पेशंटचे ईटा, म्हणजे तो सरासरीपासून किती लांब आहे ते, काढायचे.

उदाहरणाला व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक धरू. डेटा फाइल नीट बनवा, माती इथेच होते. डोसच्या ओळीत ईव्हीआयडी (ओळ कशाची ते) 1, एएमटी (डोस, मिग्रॅ) 1000, तासाभराचं इन्फ्युजन (शिरेतून हळूहळू दिलेला डोस) असेल तर रेट (मिग्रॅ प्रति तास) 1000. लेव्हलच्या ओळीत ईव्हीआयडी 0 आणि डीव्ही या कॉलममध्ये मोजलेला आकडा. वेळ खरी टाका, चार्टवर ठरलेली नाही!! माझ्या एका रनमध्ये क्लिअरन्स फारच कमी येत होता, दिवसभर मॉडेलला शिव्या घातल्या आणि शेवटी कळलं की ट्रफ (पुढच्या डोसच्या अगदी आधीची लेव्हल) म्हणून आलेलं सॅम्पल डोस सुरू झाल्यावर घेतलं होतं. क्रिएटिनिन क्लिअरन्सचा (किडनी किती काम करतेय त्याचा) फॉर्म्युलाही मूळ मॉडेलमध्ये होता तोच वापरा, आपल्या आवडीचा नको.

नॉनमेम या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्सएव्हल शून्य (म्हणजे नवीन फिट नको) आणि पोस्टहॉक (म्हणजे ईटा काढ) लिहायचं, झालं. मोनोलिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे पॉप्युलेशन पॅरामीटर फिक्स करून ईबीई (त्या एका पेशंटचे अंदाज) काढायचे, आर वापरणाऱ्यांना मॅपबेयर हे पॅकेज आहे.

समजा त्या पेशंटच्या वजन-किडनीनुसार मॉडेल 4.5 लिटर प्रति तास क्लिअरन्स सांगतंय आणि ईटा आला उणे 0.25, तर 4.5 गुणिले ई चा उणे 0.25 घात, म्हणजे साधारण 3.5. दिवसाला 2000 मिग्रॅ चालू असेल तर स्टेडी स्टेटला (पातळी स्थिरावल्यावर) 24 तासांचा एयूसी (दिवसभरात रक्तात राहिलेलं एकूण औषध) 2000 भागिले 3.5, म्हणजे 571. एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) 1 धरून टार्गेट 400 ते 600 असतं, म्हणजे बसतंय, पण अगदी कडेला, त्यामुळे क्रिएटिनिन वाढायला लागलं तर मी लगेच परत लेव्हल मागवेन.

आता ईटा शून्याजवळ आला तर पेशंट अगदी सरासरी आहे असं समजून खूश होऊ नका, कदाचित तुमच्या डेटात काही माहितीच नसेल आणि सॉफ्टवेअरने गुपचूप पॉप्युलेशनचाच आकडा परत दिला असेल. एकच ट्रफ असेल तर व्हॉल्युमचं (औषध शरीरात किती पसरतं त्या आकड्याचं) बहुतेक वेळा हेच होतं. इन्फ्युजन संपल्यावर एक-दोन तासांनी घेतलेली आणखी एक लेव्हल मिळाली की मग व्हॉल्युमवर बोलता येतं.