घशाचं ऑपरेशन रोबोटनं करायचं म्हणताय? आधी एवढं बघा

माझं कोल्हापुरात शाहूपुरीत मेडिकल आहे. दाजींचं टॉन्सिलच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत रोबोटनं झालं, तेव्हापासून लोक चिठ्ठीबरोबर रिपोर्टही काउंटरवर ठेवतात. "आमचंबी कमी ट्रीटमेंटमध्ये भागंल का?" हा ठरलेला प्रश्न.

आधी बायोप्सीच्या रिपोर्टात 'पी१६' शोधा. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर असेल तर ही तपासणी हवीच. पॉझिटिव्ह आली तर तो बहुधा एचपीव्ही विषाणूचा, आणि असा कॅन्सर उपचाराला चांगली दाद देतो. तपासणी केलीच नसेल तर लॅबमधल्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यावर, ती सहसा होते, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, मोठ्या दवाखान्यात मागतातच. मेणाचे असतात, म्हणून एप्रिलच्या उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवू नका.

डॉक्टरांपुढं बिडी-सिगारेट लपवू नका. बायको शेजारी असली की भलेभले "कधीतरी एखादी" म्हणतात! पी१६ पॉझिटिव्ह असला तरी बरीच वर्षं ओढलेल्याला धोका जास्त, आणि उपचार कमी करायचे की नाही हे त्यावरही ठरतं.

रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन कन्सोलवर बसून तोंडातून हत्यारं चालवतो, जबडा फोडावा लागत नाही. मानेतल्या गाठी मात्र वेगळी चीर देऊन काढतात. सर्जनला एकच प्रश्न रेटून विचारा: "यानंतर रेडिएशन किती, आणि केमो लागेल का?" ऑपरेशन न करता नेहमीचा कोर्स म्हणजे ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), ३५ वेळात विभागून, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. अमेरिकेतल्या ई३३११ अभ्यासात ऑपरेशननंतर मध्यम धोक्याच्या रुग्णांना केमोशिवाय ५० ग्रे दिलं, तरी दोन वर्षांनी निकाल ६० ग्रे दिलेल्या गटाइतकेच चांगले दिसले. पण स्कॅनवरच मानेतल्या गाठीतला कॅन्सर तिचं आवरण फोडून बाहेर आलेला दिसत असेल, तर ऑपरेशन, रेडिएशन, केमो तिन्ही गळ्यात पडायची शक्यता. मग रोबोटचा खर्च कशाला? खर्चावरून आठवलं, पॉलिसीत रोबोटिकला वेगळी मर्यादा आहे का तेही वाचा.

सिस्प्लॅटिन टाळून सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध द्या, असा हट्ट धरू नका. तब्येतीला सिस्प्लॅटिन झेपत असताना हा बदल केलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत निकाल वाईट आले.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे रक्तस्रावाचे. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं की थोडं का असेना, थेट इमर्जन्सी गाठा. म्हणून लगेच कोल्हापूरला पळू नका, दवाखान्याजवळच खोली घ्या. दाजींना काही दिवस नाकातून नळी होती. ती निघाल्यावर गिळायचं शिकवणाऱ्या थेरपिस्टनं पातळ चालेल म्हटलं, तेव्हा ताईनं गाळून, कोमट करून अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) दिलं. तांबडा रस्सा समोर बघून दाजी चिडायचे. गिळायचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, नंतर दुखण्यात शिकणं होत नाही.

रेडिएशन ठरलं तर त्याआधी दातांच्या डॉक्टरकडं जा. किडलेला दात काढायचा असेल तर जखम भरायला दोनेक आठवडे हवेत.