जाळ्यातलं कासव मेलेलं वाटलं तर

विंचवर जाळं चढलं, पिशवीची गाठ सोडली आणि कोळंबीच्या ढिगातून कासव फळ्यांवर आलं. मान लोंबतेय, पर (वल्ह्यासारखे पाय) सैल, डोळे मिटलेले. अशा वेळी बोटीवरचं कुणीतरी म्हणतंच, "गेलं हे, टाका पाण्यात." टाकू नका. रत्नागिरीच्या बाजूला मी तांडेल म्हणून बोट चालवतो आणि नव्या खलाशाला जाळं शिवायला शिकवण्याआधी हे शिकवतो.

कासवाला श्वासासाठी पाण्याच्या वर यावंच लागतं. निवांत असलं तर ते बराच वेळ खाली राहतं, पण जाळ्यात धडपडायला लागलं की छातीतली हवा झपाट्याने संपते, पाणी आत जातं आणि ते बेशुद्ध पडतं. त्याच अवस्थेत समुद्रात टाकलं तर तळाला जाऊन खरोखर बुडतं. जाळ्यातून जिवंत निघालेलं कासव मग आपल्या हातून मरतं.

उचलायला दोघे हवेत. वयात आलेलं ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर विणीला येणारं कासव, ३५ ते ५० किलो भरतं. पर धरून ओढलं तर सांधा निखळतो, म्हणून एकाने मानेमागची कवचाची कड धरायची, दुसऱ्याने शेपटीकडची. तोंडाजवळ हात नेऊ नका, बेशुद्ध कासव अचानक जागं होतं आणि त्याचा चावा जबर असतो.

ठेवायचं पोटावर. उताणं केलं की पाणी निघतं, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगायची आणि अजूनही काही बोटींवर तसंच करतात. पण कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणं केल्यावर पोटातला सगळा भार त्यांच्यावर येतो. त्याऐवजी मागची बाजू निदान सहा इंच वर उचलून खाली दोराची गुंडाळी किंवा बोटीचा जुना टायर सरकवा. डोकं खालच्या बाजूला राहतं आणि फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे हळूहळू गळतं. अधूनमधून कवचाची डावी कड तीन इंच उचला, मग उजवी. छातीवर दाबायचं नाही, पायाने तर नाहीच.

सावलीत ठेवा. पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मात्र उघड्या राहू द्या. पाण्याने भरलेल्या टपात ठेवू नका, बर्फाच्या खणाजवळही नको. तोंडावर पाइपने पाणी मारणंही टाळा.

यानंतर थांबायचं, आणि माणसं चुकतात ती इथेच. अर्धा तास झाला, हललं नाही, म्हणजे मेलं असं धरतात. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी चोवीसही. दर तीनेक तासांनी पापणीला हलका स्पर्श करा किंवा शेपटी चिमटीत धरून बघा. किंचित आखडलं तरी जीव आहे. तोवर आपलं काम चालू ठेवता येतं, फक्त त्याच्यावर जाळं किंवा क्रेट पडणार नाही एवढी जागा राखा.

मान उचलून श्वास घेऊ लागलं, पर जोराने मारू लागलं की सोडायचं. इंजिन न्यूट्रलला, बोटीखालचा पंखा थांबलेला, जाळं पाण्याबाहेर. डोकं पुढे करून पाण्याजवळून अलगद सोडा, कठड्यावरून फेकू नका. ते लांब गेलेलं दिसलं की मगच गिअर टाका.

परावर धातूचा बिल्ला असेल तर काढू नका. नंबर लिहून घ्या, फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव आपल्याकडेही विणीला येतं, हे त्या एका नंबरामुळे कळलं.

गळ गिळलेला असेल तर ओढू नका, आतडं फाटतं. दोरी तोंडाशी जमेल तेवढी आखूड कापा. जाळं पराभोवती घट्ट आवळलं असेल तर जाळंच कापायचं. जाळ्याला पैसे पडतात, मला माहीत आहे. म्हणूनच महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं किंवा कापावं लागलं तर भरपाई मिळण्याची सोय आहे. सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा २५ हजार रुपये होती. कासवाबरोबर डॉल्फिन आणि व्हेल शार्कही तिच्यात येतात. एकाने सुरी धरली की दुसऱ्याने मोबाइल धरायचा: अडकलेलं कासव, कापलेलं जाळं, पाण्यात जाणारं कासव, आणि बोटीचा नंबर दिसेल असा एक फोटो. पुरावा नसला तर मत्स्यव्यवसाय विभागात अर्ज टिकणार नाही.

नोव्हेंबर ते मार्च माद्या वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतात. त्या दिवसांत उथळ पाण्यात ट्रॉल (बोटीमागे ओढायचं जाळं) तासन् तास ओढत राहू नका, जाळं लवकर वर घ्या. थोडा वेळच बुडालेलं कासव वाचण्याची आशा जास्त असते. जाळ्यात कासव-सुटका जाळी बसवता आली तर फारच चांगलं: गजांच्या फटींतून कोळंबी मागे पिशवीत जाते आणि कासव झडपेतून बाहेर पडतं. थोडी मासळी त्याच झडपेतून निसटते, हे खरं आहे. तेवढी मी जाऊ देतो.

पावसाळ्यात बंदीच्या काळात आपण घरी असतो आणि कासवं लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. पोरं दयेपोटी त्यांना परत पाण्यात ढकलतात. तसं करू नका. भर पावसात किनाऱ्यावर आलेलं कासव बहुधा जखमी, आजारी किंवा थकलेलं असतं. त्याला सावलीत ठेवा, कुत्री लांब ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.